गिटारवरील पहिले स्वरखंड : बालकास साहाय्य कसे करावे?

प्राथमिक शाळेतील संगीत म्हटले की पेटी, तबला, ढोलकी, टाळ आणि लेझीम ही साधने चटकन डोळ्यांसमोर येतात. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक वाद्य खेड्यातील घरांतून दिसू लागले आहे. शहरात नोकरीस असलेल्या काकाने अगर मामाने भाच्या-पुतण्यासाठी गिटार आणून द्यावी, मुलाने ती हौसेने शाळेत आणावी आणि गुरुजींपुढे धरून "हे कसे वाजवायचे?" असे विचारावे, हा प्रसंग आता विरळ राहिलेला नाही. अशा वेळी पुष्कळ शिक्षकांची अडचण होते. आपणांस हे वाद्य येत नाही, तेव्हा ते शिकविणार कसे, असे त्यांना वाटते. मूल चार दिवस तारा छेडते, बोटे दुखतात, सूर लागत नाही आणि वाद्य भिंतीवरच्या खुंटीला जाते. वाद्य खुंटीला गेल्याचे दुःख फारसे नाही. पण "मला संगीत येत नाही" अशी जी समजूत त्याबरोबर मुलाच्या मनात घर करते, ती मात्र पुढे अनेक वर्षे हटत नाही.

ज्या शिक्षकास पेटीवर सा रे ग म काढता येतो आणि हाताने आठ मात्रांचा ठेका धरता येतो, तो बालकास गिटारवरील पहिली पावले निश्चित टाकावयास लावू शकतो. त्यासाठी लागणारी माहिती पुढे क्रमाने दिली आहे.

(१) रिफ म्हणजे काय?

पाश्चात्य लोकप्रिय संगीतात गिटारवर वाजविल्या जाणाऱ्या आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानशा स्वरखंडास 'रिफ' असे म्हणतात. तो चार-आठ स्वरांचा असतो आणि गाण्याची ओळख त्यावरूनच पटते. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनास साथ म्हणून पेटीवर जो लेहरा धरतात, त्याची येथे आठवण होईल. लेहराही एका आवर्तनाचा असतो आणि तोच तोच फिरून येतो. दोहोंचा उपयोग वेगळा असला तरी लहान तुकडा, ठरावीक मात्रा आणि न थकता केलेली पुनरावृत्ती ही लक्षणे दोहोंत सारखीच आहेत.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्मोक ऑन द वॉटर' या इंग्रजी गाण्याच्या आरंभीचा रिफ अगदी मोजक्या स्वरांचा आहे आणि जगभरचे नवशिके तो प्रथम वाजवून पाहतात. २००३ सालच्या 'सेव्हन नेशन आर्मी' या अमेरिकन गाण्याचा रिफ तर फुटबॉलच्या मैदानांवर हजारो प्रेक्षक एका सुरात गातात. 'यादों की बारात' या १९७३ सालच्या हिंदी चित्रपटातील 'चुरा लिया है तुमने' या गाण्याच्या आरंभीचे गिटारचे सूर ऐकताच श्रोत्यांस गाणे ओळखू येते. या उदाहरणांपासून शिक्षकाने एवढाच बोध घ्यावा की, जो तुकडा तोंडाने सहज गुणगुणता येतो तोच मनात राहतो, आणि जो मनात राहतो तोच बोटांत उतरतो.

(२) वाद्याची ओळख

गिटारला सहा तारा असतात. वादकाने वाद्य मांडीवर घेतले असता जमिनीकडील सर्वांत बारीक तार ती पहिली आणि चेहऱ्याकडील सर्वांत जाड तार ती सहावी. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात. सतारीप्रमाणे यांनाही पडदे म्हणावयास हरकत नाही. मात्र सतारीचे पडदे सरकविता येतात, गिटारचे पक्के बसविलेले असतात. प्रत्येक पडद्याबरोबर स्वर अर्ध्या सुराने चढतो, म्हणजे पेटीवरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकामागून एक दाबल्याप्रमाणे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि तेथे मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. तारेची लांबी निम्मी केली म्हणजे कंपने दुप्पट होतात, हा विज्ञानाचा नियम येथे मुलास डोळ्यांनी पाहता येतो आणि कानांनी ऐकता येतो. शिक्षकाने पट्टी घेऊन मुलाकडूनच ती लांबी मोजवून घ्यावी.

पूर्ण मापाच्या गिटारवरील तारेची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर असते. आठ-दहा वर्षांच्या मुलास ती जड जाते. त्याचा उजवा खांदा वर उचलला जातो आणि डावा हात ताणला जातो. त्याच्यासाठी पाऊण मापाची गिटार योग्य. तारा दोन प्रकारच्या असतात : पोलादी व नायलॉनच्या. पोलादी तारांचा आवाज खणखणीत, पण कोवळ्या बोटांस त्या रुततात. पहिल्या वर्षी नायलॉनच्या तारांची गिटार असणे केव्हाही चांगले. तथापि नायलॉनच्या तारांसाठी बनविलेल्या गिटारवर पोलादी तारा चढवू नयेत. त्यांचा ताण अधिक असल्याने वाद्याची घोडी उखडण्याचा संभव असतो.

(३) तारा जुळविणे

बेसूर वाद्यावर केलेला अभ्यास व्यर्थ जातो. इतकेच नव्हे, तर तो मुलाचा कान बिघडवितो. म्हणून रोज प्रथम तारा जुळवाव्यात. भ्रमणध्वनीवरील स्वरमापक उपयोजनाने हे काम सोपे झाले आहे. ते नसल्यास शाळेची पेटी पुरेशी आहे. तारांचे स्वर पुढीलप्रमाणे :

सहावी तार : पांढरी तीन (८२.४ कंपने)
पाचवी तार : पांढरी सहा (११० कंपने)
चौथी तार : पांढरी दोन (१४६.८ कंपने)
तिसरी तार : पांढरी पाच (१९६ कंपने)
दुसरी तार : पांढरी सात (२४६.९ कंपने)
पहिली तार : पांढरी तीन (३२९.६ कंपने)

कंपनांचे आकडे दर सेकंदाचे आहेत. स्वरमापकावर हेच स्वर अनुक्रमे ई, ए, डी, जी, बी, ई या इंग्रजी अक्षरांनी दाखविले जातात. पहिली आणि सहावी या दोन्ही तारांचा स्वर एकच, परंतु त्यांत दोन सप्तकांचे अंतर आहे. खर्जातला स्वर पेटीवर न मिळाल्यास तोच स्वर वरच्या सप्तकात वाजवून तार त्याच्याशी मिळवावी. तार सैल करून मग हळूहळू चढवीत स्वरापर्यंत आणावी. तार फार ताठ झाल्यासारखी वाटली तर आपण चुकीच्या सप्तकाकडे चाललो आहोत असे समजून खुंटी फिरविणे तत्काळ थांबवावे; नाही तर तार तुटते आणि चेहऱ्यास इजा होऊ शकते. लहान मुलांच्या हाती हे काम एकट्याने देऊ नये.

एक तार जुळली की तिच्यावरून पुढली जुळविता येते. सहाव्या तारेचा पाचवा पडदा दाबला असता जो स्वर निघतो तोच मोकळ्या पाचव्या तारेचा. असेच पुढे चालते, अपवाद एकच. तिसऱ्या तारेवरून दुसरी जुळविताना पाचवा नव्हे, तर चौथा पडदा दाबावा लागतो.

(४) हाताची ठेवण

मुलास पाठ सरळ ठेवता येईल अशा, हात नसलेल्या खुर्चीवर वा स्टुलावर बसवावे. पाय जमिनीस टेकत नसतील तर पायाखाली पाट द्यावा. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागे असावा आणि बोटे कमानदार वळून त्यांची टोके तारेवर यावीत. तर्जनीस १, मध्यमेस २, अनामिकेस ३ व करंगळीस ४ असे क्रमांक देण्याची सर्वत्र रीत आहे. बोट पडद्याच्या धातूवर ठेवावयाचे नसून त्याच्या अगदी अलीकडे, खुंट्यांच्या बाजूस, ठेवावयाचे असते. तेथे थोड्या जोराने स्वर स्वच्छ निघतो. तेच बोट मागे राहिले तर कितीही दाबले तरी तार भणभणते. मुलांचे बहुतेक श्रम आणि बहुतेक निराशा या बोटभर अंतरातच असते, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

उजव्या हाताने तार छेडण्यास अंगठा वा तर्जनी चालेल. प्लॅस्टिकची नखी, जिला पिक म्हणतात, ती पहिल्या महिन्यात दिली नाही तरी चालते. डावखुऱ्या मुलास बळेच उजव्या हाताने वाजवावयास लावू नये. त्याच्यासाठी डावखुरी गिटार मिळते. ती नसल्यास दोन्ही हातांनी धरून पाहून त्यास जे सोयीचे वाटेल ते करू द्यावे.

(५) चार पायऱ्या

प्रत्येक पायरीवर क्रम एकच ठेवावा : आधी ऐकणे, मग गाणे, मग टाळी देणे आणि शेवटी वाजविणे. खाली 'पहिली-०' म्हणजे पहिली तार मोकळी छेडणे, 'पहिली-३' म्हणजे त्याच तारेचा तिसरा पडदा दाबून छेडणे. आडवी रेघ म्हणजे एक मात्रा विश्रांती. सर्व खंड आठ मात्रांचे आहेत.

पहिली पायरी : केवळ लय. मुलाने "करवंद, करवंद, बोर" असे म्हणावे. क-र-वंद या तीन मात्रा, पुन्हा क-र-वंद तीन आणि बो-र या दोन, मिळून आठ. प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पहिली तार मोकळी छेडावी, म्हणजे पहिल्या, चौथ्या व सातव्या मात्रेवर. डाव्या हातास येथे काहीच काम नाही. तरीही जे निघते ते संगीत असते. कारण तीन-तीन-दोन ही विभागणी जगातील अनेक देशांच्या नृत्यसंगीतात आढळते. पहिल्याच दिवशी मुलास "मी वाजविले" असे वाटणे फार मोलाचे आहे.

दुसरी पायरी : एक तार, एक बोट. पहिली मोकळी तार हा सा धरला तर तिचा तिसरा पडदा हा कोमल ग आणि पाचवा पडदा हा शुद्ध म होतो. अनामिका तिसऱ्या पडद्यावर ठेवावी. पाचव्या पडद्यासाठी सारा हात सरकवून तेच बोट वापरावे.

सा सा ग सा । म ग सा –
पहिली-०, पहिली-०, पहिली-३, पहिली-० । पहिली-५, पहिली-३, पहिली-०, –

तिसरी पायरी : दोन तारा, एकच पडदा. दुसरी मोकळी तार हा मंद्र प आणि तिचा तिसरा पडदा हा मंद्र कोमल नी. हात आता सरकवावा लागत नाही. अनामिका तिसऱ्या पडद्यावरच एका तारेवरून दुसरीवर जाते.

सा सा नी सा । ग सा नी प
पहिली-०, पहिली-०, दुसरी-३, पहिली-० । पहिली-३, पहिली-०, दुसरी-३, दुसरी-०

शिक्षकास हे दोन्ही खंड पेटीवर पांढरी तीन हा सा धरून वाजविता येतील. त्यांतील सर्व स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, त्यामुळे साथ करणे अतिशय सोपे आहे.

चौथी पायरी : तीन जाड तारा. येथे दोन बोटे लागतात, दुसऱ्या पडद्यास मध्यमा आणि तिसऱ्या पडद्यास अनामिका. सहावी-० हा सा, सहावी-३ कोमल ग, पाचवी-० शुद्ध म, पाचवी-२ प, चौथी-० कोमल नी आणि चौथी-२ हा तार सा. ज्यांस रागांचा परिचय आहे त्यांच्या ध्यानात येईल की हे धानी रागाचे स्वर होत.

सा – ग म । प म ग सा
सहावी-०, –, सहावी-३, पाचवी-० । पाचवी-२, पाचवी-०, सहावी-३, सहावी-०

हा खंड पक्का झाल्यावर शिक्षकाने मुलास एक गंमत दाखवावी. पडदे व तारा त्याच ठेवून सा मात्र सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे पांढरी पाचमध्ये धरावा. मग पाचवी-० हा रे, पाचवी-२ हा ग, चौथी-० हा प, चौथी-२ हा ध आणि मोकळी तिसरी तार हा तार सा होतो. ज्या स्वरांतून आतापर्यंत धानी निघत होता, त्यांतूनच आता भूप उमटतो.

सा रे ग प । ग रे सा –
सहावी-३, पाचवी-०, पाचवी-२, चौथी-० । पाचवी-२, पाचवी-०, सहावी-३, –

घर बदलले की नाती बदलतात, तसे षड्ज बदलला की त्याच स्वरांचा भाव बदलतो. मूर्च्छनेचे हे तत्त्व व्याख्यानाने सांगून समजत नाही. दोन मिनिटे वाजवून दाखविले तर चौथीतील मुलासही उमगते.

(६) नेहमीच्या अडचणी व उपाय

बोटे दुखणे. प्रारंभी हे सर्वांनाच होते. दिवसाकाठी दहा मिनिटांचा सराव पुरे. रविवारी तासभर वाजवून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा तो कितीतरी हितकर. काही आठवड्यांत बोटांची टोके निबर होतात. तोवर फोड येईपर्यंत वाजवू देऊ नये. "दुखले तरी वाजव" असा आग्रह धरल्यास मूल गिटारचा नव्हे, दुखण्याचा धडा शिकते.

घाई. मूल सोपा भाग जलद वाजविते आणि अवघड जागी अडखळते. शिक्षकाने ठेका इतका संथ धरावा की अवघड जागाही न अडखळता यावी. आठ आवर्तने निर्दोष झाली, की मगच लय किंचित वाढवावी.

प्रत्येक चुकीनंतर आरंभापासून सुरुवात. यामुळे आरंभ शंभर वेळा घोटला जातो आणि चुकीची जागा तशीच राहते. चूक जेथे होते ते दोनच स्वर वेगळे काढून दहा वेळा वाजवून घ्यावेत, मग ते खंडात बसवावेत.

बोटांकडे सतत पाहणे. हे टाळण्यासाठी खंड गात गात वाजवावयास सांगावे. क्षणभर डोळे मिटून वाजविण्याचा खेळही मुलांना आवडतो.

(७) एक गिटार आणि सारा वर्ग

गिटार एका मुलाची आणि वर्ग तिसांचा, ही खरी परिस्थिती आहे. वाद्य आणणाऱ्या मुलाचे कौतुक आणि इतरांनी पाहत बसणे, असे झाले तर वर्गात संगीताऐवजी हेवा रुजेल. म्हणून काम वाटून द्यावे. काहींनी "करवंद, करवंद, बोर" म्हणत टाळी द्यावी, काहींनी सरगम गावी, एकाने पेटीवर षड्ज धरावा, एकाने ढोलकीवर अगर बाकावर केरवा वाजवावा आणि गिटार पाळीपाळीने फिरावी. पहिली पायरी इतकी सोपी आहे की एका तासिकेत प्रत्येक मुलास व मुलीस ती वाजवून पाहता येते. वाद्याच्या मालकाची संमती आधी घ्यावी. इतर पालकांनी गिटार विकत घ्यावी असे शिक्षकाने कधीही सुचवू नये.

ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर काही महिने गाव सोडणारी मुले अनेक शाळांत असतात. परत आल्यावर वाचन-गणितात ती मागे पडलेली आढळतात आणि वर्गात अंग चोरून बसतात. त्यांच्यासाठी गाऊन पाठ केलेल्या या स्वरखंडांचे मोल विशेष आहे. पुस्तक गावी राहते, गिटार तर नसतेच. पण आठ मात्रांचा तुकडा मुलाबरोबर फडावरही जातो. टाळीवर तो म्हणता येतो, धाकट्या भावंडास शिकविता येतो. मूल परतले, की पहिल्याच दिवशी शिक्षकाने तो खंड सुरू करावा आणि त्यास त्यात सामील होऊ द्यावे. ज्या वर्गात आपले काही शिल्लक आहे असे मुलास वाटते, त्या वर्गात ते पुढचे शिकावयास तयार होते.

(८) वाद्य परके आहे काय?

गिटार हे वाद्य आपले नव्हे, तेव्हा शाळेत त्यास थारा का द्यावा, असा प्रश्न एखादा पालक विचारील. पेटीही मूळची युरोपातील. आज तिच्यावाचून भजनही होत नाही. शेजारच्या गोव्यात मांडो या गीतप्रकारास व्हायोलिन व घुमट यांच्याबरोबर गिटारची साथ असते. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी अनेक दशके मोठी कामगिरी केली. १९६७ साली निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या जोडीला पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर रागसंगीत वाजविले. वाद्य कोठून आले याहून त्यावर काय वाजते हेच महत्त्वाचे.

(९) शेवटची सूचना

मुलास दोन खंड येऊ लागले, की स्नेहसंमेलनात त्याचा कार्यक्रम ठेवण्याचा मोह सर्वांस होतो. पाहुण्यांसमोर ध्वनिक्षेपकापुढे एकट्याने बसविलेल्या मुलाचे बोट एकदा चुकले आणि सभेत हशा पिकला, तर वर्षाचे काम वाया जाते. पहिल्या वर्षी त्याने आपल्या वर्गापुढे, वर्गाच्या टाळीच्या आधारानेच वाजवावे. व्यासपीठाची मागणी मूल स्वतःहून करील तेव्हा ती जरूर मान्य करावी.

पहिल्या काही आठवड्यांत मुलास कुशल वादकाची तितकीशी गरज नसते. तार जुळवून देणारा, ठेका धरणारा, चुकले तरी न हसणारा आणि रोज दहा मिनिटे ऐकून घेणारा वडीलधारा माणूस त्यास हवा असतो. पुढे मुलाची गती वाढली, की जाणत्या वादकाकडे त्यास पोचविणे हेही शिक्षकाचेच काम. पण तोवरची वाट चालवून नेणे गावातील प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी शाळेची पेटी, दोन टाळ्या व थोडा धीर एवढे भांडवल पुरेसे आहे.